सभा गेली, बस गेली

स्केल्बी गावातल्या निम्म्या लोकांना स्टॉटसाहेबांनी कधी ना कधी नापास केलं होतं. ते शाळामास्तर नव्हते. गाडी चालवण्याचा परवाना देणारे परीक्षक होते, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी कुणाचं तोंड बघून कुणाला पास केलं नाही. खाटीक क्लाइव डंकर्ली त्यांच्या हातून तिसऱ्या खेपेला सुटला. चर्चच्या पाद्रीबाई दुसऱ्या खेपेला सुटल्या, त्याही चढावर गाडी मागे सरकली तेव्हा त्यांच्या तोंडून जो शब्द गेला त्याबद्दल समज घेऊन.

अशा माणसाचा निवृत्तीनंतर वेळ कसा जायचा? पण ती सोय सरकारनं परस्पर केली. लंडनच्या सरकारनं त्या भागातल्या सगळ्या काउंट्यांच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांच्या, डोक्यावर एक प्रादेशिक सभा आणून बसवली. कुठं किती घरं बांधायची, कुठला रस्ता रुंद करायचा, कुणाचा कचरा कुणाच्या दारात नेऊन ओतायचा, हे ती ठरवणार. सभासद सगळे नेमलेले. काही काउंटी कौन्सिलांनी पाठवलेले, काही व्यापाऱ्यांच्या संघटनेचे, एक बिशपांचा माणूस, आणि घोडेस्वारांच्या संस्थेच्या एक बाई, ज्या सभा सुरू झाली की डोळे मिटायच्या आणि ठराव मताला टाकला की न उघडता हात वर करायच्या. त्यांतल्या एकालाही स्केल्बीत कुणी मत दिलं नव्हतं.

स्टॉटसाहेबांच्या घरामागे एक कुरण होतं. सभेच्या पहिल्याच आराखड्यात त्या कुरणावर घरं आली. झालं. स्टॉटसाहेबांनी क्लाइवच्या दुकानात, सॉसेजच्या माळांखाली उभं राहून ‘सभा हटाव समिती’ काढली आणि तिचे अध्यक्ष झाले.

सभेची बैठक हमरस्त्याच्या मोठ्या गोल चौकातल्या एका हॉटेलात भरायची. तिथं ना बस जायची ना माणूस चालत पोचायचा. तरी स्टॉटसाहेब एकही बैठक चुकवत नसत. लोकांच्या प्रश्नांची वेळ आली की ते उठत, कोटाची बटणं लावत आणि विचारत, “तुम्हाला निवडून कुणी दिलं?”

उत्तर द्यायचं काम सभेच्या सचिव जिलियन पार्फिट यांच्याकडे असे. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं बारीक, आवाज कधी न चढवणाऱ्या बाई. त्या म्हणायच्या, “कुणीच नाही, मिस्टर स्टॉट. चहा झाला का तुमचा?” वर्षानुवर्षं हे असंच चाललं. स्टॉटसाहेबांना त्या बाईंचा इतका राग येई, की बैठक पुढं ढकलली गेली तर त्यांचा सगळा आठवडा वाया जात असे.

मधल्या काळात त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. एका सकाळी घरासमोर उभ्या असलेल्या गाडीच्या पाटीवरचा नंबर त्यांनी परीक्षेत उमेदवाराला वाचायला लावतात तेवढ्या अंतरावरून स्वतःच वाचून बघितला. वाचता आला नाही. चष्मा पुसून पुन्हा बघितला, तरी नाही. दुसऱ्या कुणी असतं तर दोन पावलं पुढं सरकलं असतं. स्टॉटसाहेबांनी स्वतःला नापास केलं, परवाना परत पाठवला आणि गाडी क्लाइवच्या भाच्याला विकून टाकली.

तेव्हापासून त्यांचा सगळा भरवसा चौदा नंबरच्या बसवर होता. स्केल्बी गाव नदीच्या अलीकडे आणि ऑटरिंग पलीकडे. मध्ये वेस्क नदीचं खाडीसारखं रुंद पात्र आणि त्यावर लांबलचक पूल. ऑटरिंगला त्यांची थोरली बहीण मार्जरी राहायची. नवरा गेलेला, खुब्याचं दुखणं, घराबाहेर पडणं बंद. दर रविवारी दुपारी स्टॉटसाहेबांनी तिच्याकडे जेवायचं, हा नियम त्यांच्या आईच्या काळापासूनचा. मार्जरीनं मांस भाजायचं, त्यांनी जास्त भाजलं म्हणायचं, तिनं पुढच्या रविवारपासून येऊ नकोस म्हणायचं, आणि मग दोघांनी पोटभर जेवायचं.

अखेर निवडणुकीच्या धामधुमीत लंडनमध्ये वारं फिरलं आणि एक दिवस रेडिओवर बातमी आली, की सगळ्या प्रादेशिक सभा मोडीत काढल्या. स्टॉटसाहेब न्याहारीला बसले होते. त्यांनी अंड्याला चमचा लावला होता, तो तसाच राहिला.

क्लाइवनं दुकानाबाहेर फळा लावला, ‘आम्ही जिंकलो, आज सॉसेज फुकट’. संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात स्टॉटसाहेबांना खांद्यावर घ्यायचा बेत झाला, पण क्लाइवची पाठ धरल्यामुळे नुसतं खुर्चीवर उभं केलं. त्यांनी लोकशाहीवर भाषण केलं. ज्यांना त्यांनी नापास केलं होतं त्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

सभेची शेवटची बैठक व्हायची होती. समितीतलं कुणीच गेलं नाही. मेलेल्याला काय मारायचं, असं क्लाइवचं म्हणणं पडलं. पण स्टॉटसाहेबांना राहवलं नाही. ते टॅक्सी करून गेले. हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बिशपांच्या माणसानं छोटी प्रार्थना म्हटली. घोडेस्वारबाई पहिल्यांदाच जाग्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लोकांच्या प्रश्नांची वेळ आली तेव्हा लोक म्हणजे एकटे स्टॉटसाहेब. ते उठले, कोटाची बटणं लावली, आणि उभेच राहिले.

“विचारा ना,” पार्फिटबाई म्हणाल्या. “शेवटचंच आहे.”

“आता काय विचारायचं,” असं काहीसं पुटपुटून स्टॉटसाहेब खाली बसले.

नंतर पार्फिटबाईंनी उरलेली बिस्किटं कागदात बांधून त्यांच्या हातात दिली आणि आपल्या गाडीतून त्यांना घरापर्यंत सोडलं. वाटेत त्यांनी विचारलं, पुढं काय करणार तुम्ही. स्टॉटसाहेब म्हणाले की हाच प्रश्न मी तुम्हाला विचारायला हवा. त्यावर बाई हसल्या. त्या हसतात हे स्टॉटसाहेबांना ठाऊक नव्हतं. उतरताना त्यांनी सवयीनं सांगितलं, की वळताना तुम्ही आरशात बघता पण इशारा उशिरा देता. बाई म्हणाल्या, “लक्षात ठेवीन.”

मग सुरू झाली रिकामपणाची दुखणी. सकाळी उठून राग कुणाचा करायचा हे समजेना. स्टॉटसाहेबांनी काही दिवस कबुतरांवर काढले, मग कचरागाडीवाल्यांवर. कुरणाचा प्रश्न तरी सुटला म्हणावं, तर एका सकाळी कुरणाच्या कडेला नवी पाटी उभी राहिलेली. सभेनं सुचवली होती त्याहून जास्त घरं, आणि मंजुरी स्केल्बीच्या आपल्याच निवडून आलेल्या कौन्सिलची. तिथल्या आपल्या भागाच्या कौन्सिलरला स्टॉटसाहेबांनी स्वतः मत दिलं होतं. ते जाब विचारायला गेले, तर तो शांतपणे म्हणाला, “साहेब, लोकांनी निवडून दिलंय मला.” स्टॉटसाहेबांनी कोटाची बटणं लावली आणि घरचा रस्ता धरला.

आणि एका रविवारी चौदा नंबरची बस पुलाच्या तोंडाशी थांबली.

स्टॉटसाहेब पुढच्या बाकावर, मांडीवर मार्जरीसाठी बागेतल्या रुबार्बच्या आंबट देठांची जुडी. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि डबा उघडून सँडविच काढलं.

“इथंच?” स्टॉटसाहेबांनी विचारलं.

“इथंच. पुढं पलीकडच्या काउंटीची हद्द. करार संपला, साहेब. पलीकडे त्यांची बस असते.”

पलीकडे त्यांची बस खरोखरच असायची. पण ती यांची बस यायच्या थोडी आधी निघून जायची. दोन काउंट्यांनी आपापली वेळापत्रकं एकमेकांना न विचारता केली होती. काही म्हणत, विचारून केली होती.

बसमधली सगळी मंडळी खाली उतरली आणि पुलावरून चालू लागली. वेस्कच्या पुलावर वारा कधी पडत नाही. पुढं दोन म्हाताऱ्या एकमेकींना धरून, मागं एक बाई बाबागाडी ढकलत, आणि मध्ये स्टॉटसाहेब एका हातानं टोपी आणि एका हातानं रुबार्ब सांभाळत. पुलाच्या मध्यावर दोन्हींतलं एकच वाचवता येईल अशी वेळ आली. रुबार्ब वाचला. टोपी कठड्यावरून गेली, पाण्यावर टेकली आणि ऐटीत समुद्राच्या दिशेनं निघाली.

मार्जरीकडे पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली होती. मांसाचं चामडं झालं होतं. स्टॉटसाहेबांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, तेव्हाच मार्जरीला कळलं की काहीतरी बिघडलंय. सगळी हकीकत ऐकून ती म्हणाली, “म्हणजे ही तुझीच करणी.”

“माझी कशी?”

“तो करार कुणी करून घेतला होता? त्या तुझ्या सभेनं. पेपरात आलं होतं तेव्हा. तू पेपर वाचायचास कुठं, तू तर नुसता त्यात चुका काढायचास.” तिनं त्यांच्या पानात बटाटे वाढले. “खा. आणि माझी बस परत आण. मी मेल्यावर मातीला तुला टॅक्सीनं यावं लागेल ते वेगळंच.”

स्टॉटसाहेब कामाला लागले. आधी ते अलीकडच्या काउंटीचे पुढारी हेब्डन यांच्याकडे गेले. हेब्डन आडव्या बांध्याचे, बोलताना डोळे मिटणारे. त्यांनी सांगितलं, की बस आजही पाठवायला आम्ही तयार आहोत, फक्त पलीकडच्यांनी तसं विचारायला हवं. मग स्टॉटसाहेब पूल चालून पलीकडच्या पुढारी ट्रफिटबाईंकडे गेले. ट्रफिटबाईंच्या गळ्यात मोत्यांची माळ आणि जिभेवर विस्तव. त्याही म्हणाल्या, की आमची ना कसली, फक्त अलीकडच्यांनी विचारायला हवं.

या दोन काउंट्यांचं वैर पुलाइतकंच जुनं होतं. पूल झाला तेव्हा दोन टोकांना दोन फिती लावून एकाच दिवशी दोन वेगळी उद्घाटनं झाली. अलीकडचे त्याला जुबिली पूल म्हणत, पलीकडचे ऑटरिंगचा पूल. सभेच्या कागदांवर तो ‘नदी ओलांडण्याची सोय’ असा असायचा. ते नाव कुणालाच आवडत नसे, त्यामुळे त्यावरून भांडणही होत नसे.

“आणि सभा होती तेव्हा कोण कुणाला विचारायचं?” स्टॉटसाहेबांनी दोघांनाही वेगवेगळं विचारलं होतं.

हेब्डन सुस्कारा टाकून म्हणाले की ती सभा मानगुटीवर बसायची. ट्रफिटबाईही जवळजवळ तेच म्हणाल्या, आणि वर असंही, की तेव्हा निदान शिव्या घालायला कुणीतरी होतं, आता लोक आम्हालाच घालतात.

स्टॉटसाहेबांनी अर्ज केले, खासदाराला गाठलं, स्थानिक रेडिओवर बोलले. दर रविवारी पूल चालले. नवीन टोपी हनुवटीखाली दोरीनं बांधावी लागे, आणि तिच्यात ते एखाद्या रागावलेल्या बाळासारखे दिसत, असं मार्जरीचं मत होतं. शेवटी एका शनिवारी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि पार्फिटबाईंचा पत्ता शोधून काढला.

पार्फिटबाई शेजारच्या गावच्या हॉलमध्ये कुत्र्यांना शिस्त लावण्याचे वर्ग घेत होत्या. स्टॉटसाहेब दारात उभे राहिले. आत वर्तुळात दहा-बारा माणसं आपापले कुत्रे घेऊन उभी होती. बाईंनी हात वर केला, आणि सगळे कुत्रे बसले. एक म्हातारे गृहस्थही बसले.

“काम तेच आहे,” वर्ग सुटल्यावर बाई म्हणाल्या. “फक्त हे लवकर शिकतात.”

स्टॉटसाहेबांनी माफी मागायची असं घरून ठरवून आणलं होतं. पण त्याऐवजी त्यांनी बसची हकीकत सांगितली, टोपीची सांगितली, मार्जरीच्या खुब्याची सांगितली. बाई पाण्याची भांडी गोळा करता करता ऐकत होत्या.

“हेब्डन आणि ट्रफिटबाईंना तुम्ही एका टेबलाशी कसं आणायचात?” शेवटी स्टॉटसाहेबांनी विचारलं.

“पुलासाठी ते कधीच आले नाहीत. सभेला नावं ठेवायला यायचे. एकदा दोघं मिळून मनसोक्त बोलून घेत, की मग त्यांना एकमेकांचा लोभ यायचा. त्या लोभात सही करून घ्यायची. आमचं निम्मं काम तेवढंच होतं, मिस्टर स्टॉट.”

“म्हणजे शिव्या खायचं?”

“निमूटपणे खायचं. ते अवघड असतं.”

सभा आता कुठून आणायची, असं स्टॉटसाहेब म्हणाले. पार्फिटबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं नव्यानं दाखल झालेल्या कुत्र्याकडे बघतात. मग त्यांनी विचारलं, की हेब्डन आणि ट्रफिटबाई गाडीच्या परीक्षेला तुमच्याकडेच होते का. होते. हेब्डन दोनदा नापास, ट्रफिटबाई त्याहून जास्त वेळा. “मग सभेची गरज नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आहात.”

बेत असा ठरला. स्टॉटसाहेबांनी ‘पूल व बस मंडळ’ स्थापायचं, स्वतः त्याचे अध्यक्ष व्हायचं, आणि पूल दोन्ही काउंट्यांच्या हातातून काढून या मंडळाकडे द्यावा अशी मागणी करायची. बैठक त्याच चौकातल्या हॉटेलात. तिथं दोघांची सारखीच गैरसोय होते, आणि तेवढा एकच न्याय दोघांना मान्य आहे, असं बाईंचं म्हणणं. हॉटेलवाल्यानं हॉल फुकट दिला. सभा गेल्यापासून त्याच्याकडे बारशीसुद्धा होत नव्हती. राहता राहिलं बोलावणं. बाई म्हणाल्या, हेब्डनना सांगा की ट्रफिटबाई यायचं नाही म्हणतात, आणि ट्रफिटबाईंना सांगा की हेब्डन यायचं नाही म्हणतात.

“ते खोटं होईल.”

“आत्ता या घडीला दोघांपैकी एक तरी येणार आहे का?”

“नाही.”

“मग खोटं कुठलं?”

दोघंही आले. दुसरा येत नाही म्हणून आपला मोठेपणा दाखवायला आले आणि दारातच एकमेकांना बघून त्यांचे चेहरे आंबट झाले. स्केल्बीची मंडळी क्लाइवनं आपल्या मांसाच्या गाडीतून आणली. ऑटरिंगची मंडळी पूल चालून, पुढं मिळेल त्या गाडीत बसून आली. पार्फिटबाई मागच्या रांगेत, ओळख नसल्यासारख्या.

स्टॉटसाहेबांनी आदल्या दिवशी आरशासमोर तालीम केली होती. ते उठले, बटणं लावली आणि वाचायला सुरुवात केली. पूल मंडळाच्या ताब्यात द्यावा. बसच्या वेळा मंडळ ठरवील. जुबिली आणि ऑटरिंग ही दोन्ही नावं रद्द करून पाटीवर फक्त ‘पूल’ असं लिहावं.

हॉलमध्ये कुजबूज झाली. हेब्डननी डोळे उघडले. ट्रफिटबाईंनी माळ चाचपली. सगळं अगदी ठरल्याप्रमाणं चाललं होतं. तेवढ्यात पाठीमागून क्लाइव उभा राहिला. क्लाइवला बेताची काहीच कल्पना नव्हती. त्याचा चेहरा गोंधळलेला होता आणि आवाज खरोखर दुखावलेला.

“विल्फ,” तो स्टॉटसाहेबांना त्यांच्या नावानं हाक मारून म्हणाला, “तुला रे निवडून कुणी दिलं?”

हा प्रश्न येणार हे स्टॉटसाहेबांना ठाऊक होतं. येऊ दे, शांतपणे ऐकून घ्या, असं बाईंनी दहादा बजावलं होतं. पण तो हेब्डनकडून यायचा होता. क्लाइवच्या तोंडून, सगळ्या गावासमोर ऐकताना त्यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. इतकी वर्षं आपण हा प्रश्न कुणाला तरी असा सरळ तोंडावर मारत होतो आणि ती बाई चहाचं विचारत होती, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. पण मनात आलं ते मनातच राहिलं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

“निवडून दिलं नाही कुणी,” ते म्हणाले. “पण निवडून दिलेले काय करतायत ते बघा. हे हेब्डन. उजवीकडे वळायचं असलं की हा माणूस चौकात उभाच राहायचा. समोरचा रस्ता रिकामा, मागं गाड्यांची रांग, आणि हा आपला डोळे मिटून. आज तेच चाललंय. आणि मिसेस ट्रफिट, तुम्ही आरशात न बघता गाडी काढलीत आणि दुधाच्या गाडीला जाऊन भिडलात, आणि खाली उतरून दूधवाल्यालाच विचारलंत, तू इथं काय करतोस. तुम्हा दोघांना मी पास केलं हीच माझी चूक झाली.”

मग हसण्याचा असा काही लोंढा आला की चहाचे कप वाजले. हेब्डन लालबुंद झाले. ट्रफिटबाई ताडकन उठल्या आणि म्हणाल्या की या माणसाचा उर्मटपणा आपण तरुणपणापासून बघत आलोय. हेब्डन म्हणाले, अगदी खरं आहे, मला तर यानं नुसतं जांभई दिली म्हणून नापास केलं होतं. ट्रफिटबाई त्यांच्याकडे वळल्या. “तुम्हालासुद्धा? मला हातमोज्यांवरून बोलला होता.” बघता बघता दोघं खुर्च्या जवळ ओढून बसले. एकाची तक्रार संपायच्या आत दुसऱ्याची सुरू. या माणसाच्या हातात पूल? गाडीचं चाकही देऊ नये. असल्या बिनबुडाच्या मंडळाची गरज काय, दोन निवडून आलेल्या काउंट्या काय मेल्यात का? बस कशी सोडायची हे आम्हाला कळतं, असं हेब्डन म्हणाले. आम्हालाही कळतं, ट्रफिटबाई म्हणाल्या. रविवारपासून, हेब्डन म्हणाले. शनिवारपासून, ट्रफिटबाई म्हणाल्या.

तिथल्या तिथं दोघांनी हस्तांदोलन केलं आणि टाळ्या पडल्या. स्टॉटसाहेबांच्या मंडळाला कायमची मूठमाती द्यायचा ठराव क्लाइवनं मांडला, आणि तोही एकमतानं मंजूर झाला.

स्टॉटसाहेब खाली बसले. सगळं मनासारखं झालं होतं, आणि तरी त्यांना एखाद्या नापास झालेल्या उमेदवाराइतकं रडू येत होतं. लोक त्यांच्याकडे न बघता शेजारून निघून गेले. पार्फिटबाई तेवढ्या आल्या आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

“तुम्ही निमूटपणे ऐकायचं ठरलं होतं,” त्या म्हणाल्या.

“जमलं नाही.”

“मलाही पहिल्या वर्षी जमायचं नाही. घरी जाऊन बशा फोडायचे.”

आता मात्र स्टॉटसाहेबांनी माफी मागितली. नीट, सबंध वाक्यात. बाईंनी ती ऐकून घेतली आणि सांगितलं, की तुमचा प्रश्न चुकीचा नव्हता, मी स्वतःलाही तो विचारायचे. पण दर वेळी उत्तर सापडायच्या आत कुठल्या तरी करारावर सह्या घ्यायची वेळ व्हायची.

पुढं बस सुरू झाली. उद्घाटनाला पुलाच्या मधोमध एकच फीत लावली आणि हेब्डन आणि ट्रफिटबाई यांनी एकाच कात्रीला दोघांनी हात लावून ती कापली. वाऱ्यानं फोटोत ट्रफिटबाईंची माळ हेब्डनच्या तोंडावर आलीय, पण दोघं हसतायत. स्टॉटसाहेबांना बोलावणं नव्हतं. समितीनं त्यांना अध्यक्षपदावरून काढून क्लाइवला बसवलं होतं. हटवायला आता काहीच उरलेलं नसल्यामुळे समिती दर महिन्याला जमून सॉसेज खाते. क्लाइव काही महिने बोलला नाही, मग एका सकाळी त्यानं मटणाच्या पुडक्यात न सांगता दोन किडन्या जास्त टाकल्या, आणि तिथं ते मिटलं. खरं काय घडलं ते स्टॉटसाहेबांनी कुणालाच सांगितलं नाही. मार्जरीला सांगितलं, पण तिनं विश्वास ठेवला नाही. तिच्या मते विल्फला नाटक करता येत नाही, तो नेहमीच तसा बोलतो.

बस सुरू झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी स्टॉटसाहेब बसमध्ये पुढच्या बाकावर बसले होते. चर्चच्या थांब्यावर पार्फिटबाई चढल्या, हातात साखळी आणि साखळीला एक थोराड, केसाळ कुत्रा. गाडी दुरुस्तीला गेलीय, त्या म्हणाल्या. वळताना इशारा उशिरा दिला. स्टॉटसाहेबांनी फक्त मान हलवली आणि सरकून जागा केली. बस न थांबता पूल ओलांडून गेली. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी खिडकीतून पाण्याकडे बघितलं आणि एकीनं दुसरीला सांगितलं की चालताना एवढं लांब वाटायचं नाही.

त्यांनी बाईंना जेवायला चला म्हटलं. मार्जरीनं दोघांना दारात बघितलं, मग कुत्र्याला बघितलं, आणि काही न बोलता आणखी एक ताट मांडलं. मांस त्या दिवशी नेमकं उतरलं होतं. वर सोनेरी, आत गुलाबी. मार्जरीनं ते टेबलावर ठेवलं, आणि विल्फ आता काय नाव ठेवतो म्हणून त्याच्याकडे रोखून बघत राहिली. पार्फिटबाई विषय बदलायला म्हणून सांगू लागल्या, की आपण हा कुत्रा वर्गातल्या सगळ्यांना नमुना म्हणून दाखवतो, सांगितल्याशिवाय जागचा हलत नाही. तेवढ्या वेळात तो नमुना टेबलाच्या काठाला पाय लावून उभा राहिला आणि सबंध तुकडा घेऊन बागेत गेला.

तिघं खिडकीशी जाऊन उभी राहिली. फुलांच्या वाफ्यात कुत्रा पंजात मांस धरून निवांत बसला होता. बाईंनी हात वर केला. कुत्र्यानं बघितलं आणि खाणं चालू ठेवलं.

“जास्त भाजलं नसणार,” स्टॉटसाहेब म्हणाले. “नाहीतर त्यानं टाकलं असतं.”

मार्जरीनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या स्वयंपाकाची भावाच्या तोंडून झालेली स्तुती ऐकली, आणि खुब्याला हात लावून ती इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. मग तिघांनी मांसाच्या उरलेल्या रसात बटाटे बुडवून खाल्ले, वरून पुडिंग खाल्लं, आणि परतीची बस यायच्या आधी भांडीही घासून टाकली.